मुक्या मोटारीची सुगी

परवा ओंकारची गाडी अंगणात येऊन थांबली आणि मला पत्ताच लागला नाही. पायरीवर बसून नवा तांदूळ पाखडत होते. सुपाच्या नादात बाकी काही ऐकू येत नाही म्हणावं, तर पलीकडच्या फार्महाऊसवरच्या कुत्र्याचं भुंकणं चांगलं ऐकू येत होतं. मान वर केली तर नातू समोर उभा, बोटात किल्ली फिरवत.

"कधी आलास? आवाज कसा नाही झाला?"

"विजेवरची घेतली, आजी. पेट्रोल परवडेना."

एवढंच बोलला तो. त्यात छातीवर हात ठेवण्यासारखं काही नव्हतं, पण माझा हात गेला. त्याला वाटलं, मी रक्तदाबाची गोळी विसरले. आत जाऊन पाणी घेऊन आला. पोरगं गुणी आहे. हिंजवडीला बसून दिवसभर कुठल्या परदेशातल्या लोकांची कामं करतं, पण आजीच्या गोळ्या त्याला पाठ आहेत. गोळी घेतली होती मी. पण पेट्रोल न परवडणं आणि गाडीचा आवाज न येणं, या दोन गोष्टी एकत्र मी याआधी एकदाच पाहिल्या होत्या. तीही अशीच सुगीच्या दिवसांत.

कार्तिक सरायला आला की आमच्या खोऱ्याला एक वास सुटतो. आंबेमोहोर कापून झालेला असतो, खाचरात नुसती धसकटं उरतात, आणि दुपारचं ऊन त्या ओलसर चिखलावर पडलं की भाताचा, पेंढ्याचा आणि मातीचा मिळून एक वास वर येतो. पुण्याहून फार्महाऊसवर येणारी मंडळी तो नाकात भरून घेतात आणि किती छान किती छान करतात. छान आहेच. मला मात्र या दिवसांत करमत नाही. लग्न होऊन मी या गावात आले ती सुगी, तिच्यानंतरची सुगी आणि त्यानंतरची तिसरी, असं माझं मन पायऱ्या उतरत जातं आणि तिसऱ्या पायरीवर बसून राहतं.

मी पुण्यात पेठेत वाढलेली. सातवीची फायनल झालेली. वडिलांनी ड्रायव्हरला दिली म्हणून आत्या नाक मुरडत होती. वडील म्हणाले, हातात कला आहे, उपाशी ठेवणार नाही. कला होती खरी. आमच्या ह्यांच्याकडे लष्करी लिलावातून घेतलेली एक जुनी मोटार होती. वरून निळा रंग दिलेला, पण जिथं पोपडा निघाला तिथं खालचा खाकी रंग डोकावायचा. म्हणायला ती मालाची गाडी. प्रत्यक्षात भाताची पोती, पोत्यांवर माणसं, माणसांच्या मांडीवर कोंबड्या, अशी ती रोज सकाळी आमचं वरचं गाव सोडून घाटाच्या उताराने कोळवणला उतरायची आणि पौडवरून पुण्याला जायची. एस.टी. तेव्हा कोळवणपर्यंतच यायची, वर यायचं नाव नाही. गावातल्या बाया मला चिडवायच्या की वैनी, तुमच्या आधीपासून घरात सवत हाय. मी म्हणायचे, असू दे, मला तरी तिला जेवायला वाढावं लागत नाही. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की तिचं जेवण एक दिवस आमच्या ताटातलं काढून घालावं लागेल.

या मोटारीला भाडं नव्हतं. म्हणजे पुण्यातल्या माणसाला कळेल असं भाडं नव्हतं. खळ्यावर भात झोडून झालं, वारं देऊन रास पडली की आधी देवाचं काढायचं, मग सुताराचं, लोहाराचं, न्हाव्याचं असं एकेकाचं बलुतं निघायचं, आणि सगळ्यांत शेवटी रास लावणारा म्हणायचा, मोटारीचं सूप भरा. एक सूप शीग लावून भात आमच्या पोत्यात पडायचा. त्या सुपावर त्या घरानं वर्षभर जायचं-यायचं, बाजार आणायचा, लेकी पोचवायच्या, आजारी माणूस न्यायचा. बारा बलुतेदार सगळीकडे असतात. आमच्या गावाला तेरावा होता, आणि तो पेट्रोल पीत होता.

पहिल्या वर्षी मला याचं फार हसू आलं होतं. मोटार भात खाते की काय, असं मी ह्यांना विचारलं. ते म्हणाले, भात विकून पेट्रोल येतं आणि राहिलेल्या भाताचे आपण दोघं. त्यात सगळं बसायचं. पेट्रोलचा भाव हलत नव्हता तोवर बसायचं.

मग हलायला लागला. शाळेच्या ओट्यावर पेपर वाचायचे, त्यातून पुरुषमंडळींना काय काय कळायचं. रुपया पाडला म्हणे. कुठं लढाई झाली म्हणे, कुठल्याशा कालव्यात जहाजं अडकली म्हणे. आमच्या गावानं समुद्र पाहिलेला नव्हता. मोठ्यात मोठं पाणी म्हणजे मुळशीचं धरण. तिथं बसून त्या कालव्याचं काय करणार? पण कालव्यातली जहाजं अडकली आणि आमच्या चुलीत फरक पडला. ह्यांनी पंपावरून डबा भरून आणला की तो ठेवताना आवाज न करता ठेवायचे, तान्हं मूल निजवावं तसा. मिठाचा भाव चढला. रॉकेल चढलं, मग बायांनी दिवेलागणीलाच जेवणं उरकायला सुरुवात केली. भाताच्या गिरणीचं इंजिन महाग झालं म्हणून कोपऱ्यात पडलेली उखळं पुन्हा अंगणात आली, आणि मुसळ धरून धरून माझ्या हाताला घट्टे पडले. पुण्याचा व्यापारी म्हणायला लागला की गाडीखर्च वाढलाय, भात कमी भावानं द्या. म्हणजे पेट्रोल चढलं की भात उतरायचा. हे गणित मला सातवीला शिकवलं नव्हतं.

आणि सूप तेवढंच राहिलं. दोन सुपं द्या, असं ह्यांच्या तोंडून निघेना. मी एकदा म्हणाले, पेट्रोलवाला काही भात घेऊन पेट्रोल देत नाही, गावाला सांगा तसं. ते म्हणाले, पाऊस कमी पडला तेव्हा कुणाच्या राशीतून सूप कमी भरलं का? मग आता मी कसं जास्त मागू? आमच्या घरात भाकरीला नाचणी आली आणि तांदूळ सणापुरता राहिला.

तेव्हापासून ह्यांनी उतारावर इंजिन बंद करायला सुरुवात केली. घाटाच्या माथ्यावर मोटार आली की किल्ली फिरवायची, गिअर काढायचा आणि तिला तिच्या वजनावर खाली सोडायची. ब्रेकवर पाय. खाली सपाटीला आली की गिअरमध्ये टाकायची, एक हिसका बसायचा आणि इंजिन सुरू. तेवढंच थेंबभर पेट्रोल वाचायचं. मी एकदा अशी बसून गेले आहे. इंजिन थांबलं की एकदम शांत व्हायचं, इतकं की रानातल्या पाखरांचा आवाज यायचा, पाटीतली कोंबडी हलली तरी कळायचं. पोत्यांवरची माणसंही का कोण जाणे हळू बोलायला लागायची, देवळात आल्यासारखी. मला ते आवडलं होतं, हे खरं आहे. लपवून काय करू?

पण त्या इंजिनाच्या आवाजावर आमचा सगळा डोंगर चालत होता, हे आवाज बंद झाल्यावर कळलं. घड्याळ गावात दोघातिघांकडे. मोटार उतारावर लागली, तिचा तो कण्हल्यासारखा लांबच लांब आवाज दरीत घुमायला लागला की कुणी गुरं सोडायचं, कुणी शाळेला पोरं पिटाळायचं. आणि उताराच्या मधल्या वळणावर, ओढ्यापलीकडे जो धनगरपाडा होता, तिथून ठमाबाई निघायची.

ठमाबाईचं सांगायला हवं. वयानं माझ्याहून थोडी मोठी. उंच, काटक, कपाळावर गोंदण, चालताना पुढं झुकणारी. घरात ती, एक म्हैस आणि वातानं अंथरुणाला खिळलेली सासू. नवरा धोंडिबा क्षयानं आजारी, औंधकडच्या दवाखान्यात ठेवलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषधं आम्ही देतो, पण दूध लागेल, रोज लागेल. दवाखान्यात मिळायचं ते ठमाबाईला पसंत नव्हतं. तिचं म्हणणं, त्यात म्हैस कुठं हाय, पानीच हाय. म्हणून ती रोज सकाळी धार काढून, दूध तापवून, पितळेच्या चरवीत भरून मोटारीवर द्यायची. हे पुण्यात शिरायच्या आधी दवाखान्याच्या फाटकाशी मोटार उभी करायचे. तिथं लिंबाच्या झाडाखाली धोंडिबा घोंगडं पांघरून उभा असायचा. दूध त्याच्या भांड्यात ओतून घ्यायचा, आणि परतीच्या वाटेवर रिकामी चरवी धुऊन परत द्यायचा. त्या चरवीत लिंबाची एक डहाळी असायची. दूध पोचलं, प्यालो, जिता आहे, असा त्याचा अर्थ. दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. ठमाबाई संध्याकाळी वळणावर येऊन चरवी घ्यायची, आधी आत बघायची, आणि मगच आमच्या ह्यांच्याशी बोलायची.

चरवीच्या तोंडावर ती जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. मी एकदा ती बांधताना पाहिली होती. पटकन एक सुरगाठ. म्हटलं, अगं सांडेल, पक्की बांध. तर म्हणाली, त्याच्या बोटात जीव ऱ्हायला न्हाई, एक टोक वढलं की सुटाया पायजे.

आवाज बंद झाला आणि ठमाबाईची मोटार चुकायला लागली. आधी येऊन वळणावर थांबावं, तर सासूचं सगळं अंथरुणात, आणि पोती भरेपर्यंत मोटार कधी निघेल याचा नेम नसायचा. ह्यांनी भोंगा वाजवून पाहिला, तो रबरी, ओढ्यापलीकडे पोचायचा नाही. थांबून वाट बघावी, तर ती निघालेली आहे की अजून धारच काढते आहे हे कळायला मार्ग नाही, आणि पोत्यांवरची माणसं कुरकुरायला लागायची. दूध न घेता हे फाटकाशी पोचले की धोंडिबा काही विचारायचा नाही. नुसती मान हलवायचा. ह्यांना त्या दिवशी संध्याकाळी जेवण जायचं नाही.

दसऱ्याला मोटारीची पूजा झाली. झेंडूची माळ, आपट्याची पानं, चाकाखाली नारळ. तेव्हा शेजारचे तात्या पुढं आले. सत्तरी गाठलेला माणूस, त्या उन्हाळ्यात त्यांचा पवळ्या बैल गेला होता. त्याची घुंगुरमाळ त्यांनी गोठ्यातून काढून, चिंचेनं घासून लखलखीत करून आणली होती. मोटारीच्या पुढच्या दांडीला बांधता बांधता म्हणाले, "मुकं जनावर हाय. गळ्यात कायतरी वाजाया पायजे."

सगळं गाव हसलं, मीही हसले. पण युक्ती नामी होती. दुसऱ्या दिवसापासून मोटार उतारावर लागली की छुमछुम छुमछुम असा आवाज दरीत उतरायला लागला, आणि ठमाबाई चरवी घेऊन वळणावर हजर. इतक्या जुन्या लष्करी गाडीला पवळ्याचा आवाज आलेला पाहून तात्यांचे डोळे भरून यायचे. पेट्रोल वाचत होतं, दूध पोचत होतं, डहाळी येत होती. गाव करी ते राव काय करी, म्हणतात ना. आम्हाला वाटलं, त्या कालव्यातल्या जहाजांवर आम्ही मात केली.

मग कापण्या सुरू झाल्या. भाताचे भारे वाहणाऱ्या बैलगाड्या रस्त्याला लागल्या. सुगीत कोण बैल बिनमाळेचे जुंपतो? प्रत्येक गाडीला घुंगरं. सकाळपासून त्या उतारावर छुमछुमच. ठमाबाई धार अर्धी टाकून पळत यायची, तर बैलगाडी. पुन्हा पळत यायची, तर पुन्हा बैलगाडी. गाडीवान तिची थट्टा करायचे, आलीस व्हय दूध घिऊन, बस मंग. ती हसायची आणि परत जायची. शेवटी तिनं घुंगरांवर विसंबणं सोडलं. एक दिवस सासूला शेजारणीवर सोपवलं, चरवी डोक्यावर घेतली, आणि मोटार येईल तेव्हा येईल, आपण चालत खालपर्यंत जाऊ, खालच्या पुलाशी तर ती गिअरमध्ये पडताना ऐकू येईलच, अशा बेतानं उतरायला लागली.

त्या दिवशी मी घरी होते. तांदूळ कांडत होते. जे मला माहीत आहे ते ह्यांच्याकडून, आणि त्यांनी ते मला एकदाच सांगितलं.

वळण घेतलं आणि ती पुढं दिसली. रस्त्याच्या मधून चाललेली, पाठमोरी. मागून घुंगरं वाजत होती ती तिला ऐकू येत होती, कारण ती जरा डावीकडं सरली. बैलगाडीला सरावं तेवढीच सरली. ह्यांनी ब्रेकवर उभं राहून भोंगा दाबला, मोटार वर पोती आणि माणसं घेऊन घसरत गेली. भोंगा ऐकून तिनं वळून पाहिलं आणि बाजूला उडी घेतली. बाजूला ओढ्याचा कडा होता. मोटारीचा धक्का लागला की नुसता तोल गेला, हे पोत्यांवरच्या कुणालाच सांगता आलं नाही. पोलीस आले तेव्हाही सांगता आलं नाही. ह्यांना स्वतःलाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

तिला वर आणलं, पोती रस्त्यावर टाकून दिली, इंजिन सुरू केलं आणि पौडच्या दवाखान्याकडे मोटार हाकली. ठमाबाई शुद्धीवर होती. ह्यांच्या पायाशी, पुढंच तिला निजवलं होतं. कुणी न विचारता ती म्हणाली, "मला वाटलं, बैलं हायेत. बैलं काय मानसाला तुडवीत न्हाईत."

तक्रार नव्हती म्हणे तिच्या आवाजात. आपलं चुकलं कसं ते समजावून सांगावं तशी बोलली. मग दुधाचं विचारलं. दूध सगळं ओढ्यात गेलं होतं, पण हे म्हणाले की हाय, चरवी हाय, मी पोचवतो. पौड यायच्या आत ती गेली.

तात्या दुसऱ्या दिवशी सकाळी आले. मोटार दारात उभी होती. त्यांनी घुंगुरमाळ सोडली, मांडीवर घेतली आणि मोटारीच्या चाकाला टेकून ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहिले. मी चहा नेला तो तसाच निवला. कुणी कुणाला बोल लावला नाही. ठमाबाईच्या दिरानंही नाही. तो पाड्यावर वेगळं घर करून राहायचा. लावायचा तरी कुणाला? कालव्याला?

प्रश्न धोंडिबाचा होता. डॉक्टर म्हणाले, आत्ता कुठं उतार पडतोय, धक्का बसला तर हातचा जाईल. दिरानं, ह्यांनी आणि तात्यांनी बसून ठरवलं की बरा होईपर्यंत सांगायचं नाही. दीर त्या म्हशीची धार काढून रोज पहाटे दूध माझ्याकडे आणून द्यायचा. मी ते तापवून ओढ्यातून काढलेल्या, पोचा आलेल्या त्याच चरवीत भरायचे, चिंधी बांधायचे आणि मोटारीवर द्यायचे. ठमाबाई कशी हाय, असं त्यानं विचारलं तर काय सांगायचं, याची हे रस्ताभर तयारी करायचे. त्यानं कधी विचारलं नाही. चरवीला पोचा कसला, तेही नाही. आम्हाला वाटलं, बरं झालं. संध्याकाळी चरवी यायची, आत डहाळी. मी ती काढून देवळीत ठेवायचे. टाकून द्यायला हात धजायचा नाही, म्हणून तिथं वाळलेल्या डहाळ्यांचा ढीग झाला.

ह्यांनी मात्र त्या दिवसानंतर उतारावर इंजिन कधी बंद केलं नाही. पेट्रोलचा भाव आणखी वर गेला तरी नाही. पूर्वीसारखा तो कण्हणारा आवाज सकाळी दरीत घुमायचा. पाड्यावर कुणी त्याची वाट बघत नव्हतं. त्या वर्षी खळ्याखळ्यांवर, कुणी न सांगता, मोटारीची दोन-दोन सुपं भरली गेली. ह्यांनी दुसरं सूप प्रत्येक वेळी परत राशीत ओतलं. मला राग आला होता. हे असं वागून मोटार चालत नसते, असं मी त्यांना तोंडावर बोललेही.

संक्रांत झाली. डॉक्टर म्हणाले, आता सांगायला हरकत नाही. आम्ही तिघं गेलो, हे, दीर आणि मी. लिंबाखाली धोंडिबा उभा होता. गालावर मांस आलं होतं, घोंगडं आता खांद्यावर टाकलेलं होतं. हे कसेबसे म्हणाले, धोंडिबा, ठमाबाई…

"ठावं हाय मला," धोंडिबा म्हणाला.

कुणी सांगितलं, असं दिरानं विचारलं. त्यानं माझ्या हातातल्या चरवीकडे बोट केलं. "पयल्याच दिशी कळलं. निरगाठ हुती. दातानं सोडवाया लागली. तिनं कदी निरगाठ मारली न्हाई."

माझ्या हातातल्या चरवीवर तेव्हाही निरगाठ होती. दूध सांडू नये म्हणून चांगली ओढून आवळलेली. इतके दिवस तो माणूस रोज फाटकाशी येत होता, रोज ती गाठ दातानं सोडवत होता, आणि आम्ही त्याला सांभाळतोय असं समजून गप्प होतो. मला राहवलं नाही. विचारलं, मग तुम्ही रोज पाला का घालत होता? कुणासाठी?

तो म्हणाला, "दूध पिलो, ह्ये कुनाला तरी कळाया नगं का, वैनी?"

दुसऱ्या दिवसापासून मी सुरगाठ मारायला लागले. पहिल्या काही वेळा सैल झाली, दूध थोडं हिंदकळलं, मग जमली.

उन्हाळ्यात तो बरा होऊन आला, आणि म्हातारीला पाठुंगळी घेऊन, म्हैस पुढं घालून भावाबरोबर खाली कुठंतरी निघून गेला. पाड्यावरची बाकीची घरंही एकेक करून उठली. दूध न्यायला मोटार नसेल तर डोंगरात राहून म्हशीचं करायचं काय? आणि तोवर आमची मोटार विकली गेली होती. पेट्रोलपुढं टिकली नाही. भंगाराच्या व्यापाऱ्यानं ती नेली तेव्हाही उतारावर हे स्वतः बसले आणि इंजिन चालू ठेवून तिला खाली पोचवून आले. पुढं त्यांनी पुण्यात दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, मुलाला शिकवलं, म्हातारे झाले, गेले. पेट्रोलचा भाव वाढला अशी बातमी रेडिओवर लागली की ते उठून बाहेर जायचे. लोक म्हणायचे, ड्रायव्हर माणूस, जिवाला लागतं.

आता वळणावरून डांबरी रस्ता गेलाय. पाड्याच्या जागी कुणाचंतरी कुंपण आहे. रविवारी जीपगाड्या वर येतात. तात्यांच्या खाचरांत बंगले झाले. कुणाला दोष द्यायचा नाही, जमीन विकायची वेळ आमच्यावरही आली आणि आम्हीही थोडी विकली.

ओंकार जेवला, थोडा लवंडला, आणि उन्हं कलायला लागली तेव्हा निघाला. सुनेसाठी नवा तांदूळ पिशवीत भरून दिला. तोंड बांधताना सवयीनं हात आपोआप वळले. तो हसून म्हणाला, आजी, एवढी सैल गाठ, गाडीत सांडेल. म्हटलं, नाही सांडत. आणि पोचलास की फोन कर.

त्यावर तो दर वेळी चिडतो तसा चिडला. "आजी, तासाभराचा रस्ता. मी काय लहान आहे? आणि ही गाडी लोकांना कळावी म्हणून कंपनीनंच आवाज बसवलाय हिच्यात. हळू चालवली की वाजतो." मी म्हटलं, वाजव बरं. त्यानं गाडी अंगणात जराशी पुढं-मागं केली. बारीक, भुंगा दूर कुठंतरी असावा तसा आवाज आला. माणसाच्या कानाला तो कशाचाच वाटत नाही, गाडीचाही नाही. मी म्हटलं, वळणावर भोंगा वाजव. तो म्हणाला, तिथं कुणी राहत नाही, आजी. म्हटलं, तरी वाजव.

गाडी फाटकाबाहेर गेली. मी ओसरीच्या कडेला उभी राहून कान दिला. बारीक आवाज लगेच विरला. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. कुत्रं भुंकलं, पाखरं झाडावर परतली. मला वाटलं, विसरला. आणि मग खालून, वळणावरून, भोंगा वाजला. एकदा, आणि थोडं थांबून पुन्हा एकदा.

आत येऊन मी सूप उचललं, राहिलेला तांदूळ पाखडायला घेतला. फोन शेजारी पाटावर ठेवला होता. दिवेलागणीला तो वाजला. "पोचलो," ओंकार म्हणाला.

"बरं," मी म्हटलं. "कळलं मला."